झगा, निळा, एक

सोमवारी वहीत लिहिलं : झगा, निळा, एक.
दुसरा शब्द सुचला नाही.
माहीमला, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत,
आमच्याकडे शेरवान्या येतात, पाद्र्यांचे पायघोळ,
वकिलांचे डगले,
एकदा एका जादूगाराचा कोट आला होता,
आतून अकरा खिसे.
पण हे असलं कधी नाही.
बटण नाही, बंद नाही, साधं सुती,
बाह्या चौकोनी, पोत्याच्या तोंडासारख्या,
आणि अंगभर ठिपके, ज्वारीच्या दाण्याएवढे,
प्रत्येक ठिपका वर आलेला,
गारठ्यात अंगावर काटा उभा राहावा तसा.

मी काय समजायचं?
बत्तीस वर्षं हाताला एकच शिकवलंय,
सुरकुती दिसली की मोडायची.
पाण्याचा हबका मारला, इस्त्री चढवली.
डावी बाही सपाट झाली,
शाळेच्या फळ्यासारखी.
काटा बसला.
मला तर बरं वाटलं.

उजव्या बाहीत, काखेच्या शिवणीशी,
इस्त्री अडली.
खडा असेल म्हणून नखाने चाचपलं.
खडा नव्हता, गाठ होती.
केसाएवढ्या दोऱ्याचे सात-आठ वेढे
आणि आत आवळलेलं चिमूटभर कापड.
कुणाच्या तरी हातून सोडायची राहिलेली.

तेव्हा कुठे कळलं
की प्रत्येक ठिपका आधी गाठ होता.
एका वितीतले मोजले : एकशे चौसष्ट.
पुढे मोजायचं धाडस झालं नाही.
प्लग काढला.

आमच्याकडेही नीळ असते.
बादलीत चिमूटभर,
पांढऱ्याचं पिवळेपण लपवायला.
आणि ही एक नीळ,
जिच्यापासून पांढरं वाचवायला
कुणीतरी चिमटीत धरून बसलं होतं
एकेक दाणा.
आईची बोटं संध्याकाळी अशीच असायची,
दिवसभर पाण्यात राहून चुणीचुणीची.
ती सरळ करावीत
असं कधी कुणाला वाटलं नव्हतं.

लालमन म्हणाला, भिजवू या, परत येतील.
भिजवलं.
थोडे आले, झोपेतून उठवलेल्या पोरांसारखे, रुसून.
बाकीचे नाहीच.

गुरुवारी कारखानीस बाई आल्या.
खोटं बोलायला जागा होती,
सुती कापड असंच असतं, म्हणता आलं असतं.
मी दोन्ही बाह्या पुढे केल्या.
त्यांनी आधी उजवीवरून बोट फिरवलं, मग डावीवरून.
जिना संपल्यावरही आणखी एक पायरी आहे समजून
पाय पडतो ना,
तसं ते बोट अडखळलं.

म्हणाल्या, आमची तोमोए. आरिमात्सुची.
तेरा महिने मी पत्रं पाठवली,
तिचं एका ओळीचं उत्तर : हात मोकळा नाही.
मग टपालाने हे आलं.
आता हीच तिची सगळी पत्रं समजा.

एक उघडायचं राहिलंय, मी म्हटलं,
आणि काखेतली गाठ दाखवली.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
कात्री मागितली. दिली.
बराच वेळ तशाच उभ्या.
गल्लीत टेम्पो मागे घेताना वाजतात तसलं काहीतरी वाजत होतं,
थांबत नव्हतं.
मग कात्री टेबलावर ठेवली,
मूठ माझ्याकडे करून.

किती झाले, विचारलं. मी नको म्हटलं.
त्यांनी एका बाहीचे ठेवले.
कुठल्या, ते सांगितलं नाही.

रात्री वही उघडली.
'झगा' तसाच राहू दिला.
पुढे दोन बोटं जागा होती,
तिथे लिहिलं, धंद्यात पहिल्यांदाच :
इस्त्री नको.